सगळ्यात हळू गाडी सगळ्यात पुढे

प्रिय अहो,

रागावू नका, पण मी तुमची गाडी विकायला काढली आहे. अकरा वाजता गिऱ्हाईक येणार आहे आणि आत्ता नऊ वाजलेत. गोराईच्या वाडीत, माडांखाली, तुमच्याच त्या फोल्डिंगच्या टेबलाशी बसून हे लिहितेय. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी. आता तुम्हाला कोण सांगायला येणार, असं आपली मुग्धा म्हणेल. पण तुमचं काय सांगावं! मुलुंडमध्ये कोणाच्या घरी काय शिजतंय ते तुम्हाला खिडकीत बसून कळायचं.

बत्तीस वर्षं 'अहो'च म्हटलं, म्हणून पत्रावरही तेच घातलंय. नाव लिहायला घेतलं होतं, पण हात धजला नाही. हसू नका.

तर ऐका. आपली बिल्डिंग अखेर रिडेव्हलपमेंटला गेली. तुम्ही असताना नुसत्या मीटिंगा आणि भांडणं चालायची ना, ते सगळं संपलं, सह्या झाल्या. महिनाअखेर घर रिकामं करायचंय. मी मुग्धाकडे नाहूरला जाणार, सतराव्या मजल्यावर. तिथे पार्किंग एकच, त्यात त्यांची गाडी. तिने तिथल्या सेक्रेटरीला आपल्या मॅटाडोर व्हॅनचा फोटो दाखवला, तर तो म्हणाला, "मॅडम, ही गाडी आहे की रूम?" मुग्धा मला म्हणाली, "आई, किती दिवस सांभाळणारेस ते धूड? पप्पांचा एक मोठा फोटो लावू या ना हॉलमध्ये." ती वाईट म्हणत नाही हो. माझ्या काळजीनेच म्हणते.

म्हणून गोरेगावचे शेट्ये शोधले. शूटिंगला जुन्या गाड्या, जुनं फर्निचर पुरवतात. तुमच्याच गावाकडचे निघाले. फोनवर म्हणाले, "वयनी, गाडी संसारासकट बघूची आसा. सगळा मांडून ठेवा." नेमका याच शनिवार-रविवारी आपल्या घरगाडी मंडळाचा मुक्काम होता आणि गायकवाड भाऊजी मागे लागले होते, "शेवटचं म्हणून तरी आणा, वहिनी." मग शेट्यांना सांगितलं, रविवारी गोराईलाच या, बघा आणि तिथूनच घेऊन जा.

तुमचं ते मंडळ! भंगारात जायच्या लायकीच्या व्हॅनमध्ये पलंग आणि ओटा ठोकायचा आणि चांगलं घर सोडून त्यात झोपायला जायचं, असं वेड लागलेले अकरा संसार. लग्नाआधी मला कोणी ही कल्पना दिली असती, तर मी कांदेपोह्यांच्या दिवशीच तुम्हाला आल्या पावली परत पाठवलं असतं.

तर काल पहाटे चेकनाक्याजवळ सगळे जमले. घाटकोपरहून गायकवाड भाऊजी त्यांची निळी व्हॅन घेऊन आले, पंचशील झेंड्याची छोटी माळ आरशाला लावून, नेहमीसारखी. मी आपली मागे, एका टेम्पोच्या आडोशाला उभी होते. मला वाटलं, मला मध्ये कुठेतरी घेतील, सांभाळून. भाऊजी खिडकीशी आले आणि म्हणाले, "वहिनी, इथे काय करताय? तुमची जागा पुढे."

"अहो भाऊजी, मी पहिल्यांदाच एवढी लांब चालवतेय!"

"म्हणून तर! सगळ्यात हळू गाडी सगळ्यात पुढे. नियम आहे."

आठवतंय ना नियम का झाला ते? पहिल्या वर्षी सगळे भुर्रकन निघून गेले आणि आपण पनवेलच्या पुढे बंद पडून तीन तास रस्त्यावर. कोणाला पत्ताच नाही! तेव्हा भाऊजींनी ठरवलं की हळू गाडीने पुढे राहायचं आणि तिला कोणी ओव्हरटेक करायचं नाही. तेव्हापासून दर वर्षी तुम्ही पुढे. हळू आहोत म्हणून पुढे आहोत, हे तुम्ही अगदी सोयीस्कर विसरलात. एक हात खिडकीबाहेर काढून मिरवत चालायचात, निवडणुकीला उभे राहिल्यासारखे. मी म्हटलं की जरा वेग वाढवा, तर ठरलेलं उत्तर, "घाई कित्याक?"

आणि मला कधी स्टिअरिंगला हात लावू दिलात का? माझं लायसन्स अकरा वर्षांचं आहे! मुग्धाबरोबर काढलं होतं. तिची गाडी मी बाजारातून, शाळा सुटायच्या गर्दीतून काढलेली आहे. पण या गाडीचं नाव काढलं की तुम्ही म्हणायचात, "हिचा क्लच वेगळा आहे, सुनंदा." वेगळा म्हणजे काय हो? पाय माझे दोनच आणि पेडल तीनच, सगळ्या गाड्यांना असतात तेवढीच. हे मला तुमचं कधी पटलं नाही आणि आजही पटत नाही.

गेले दोन रविवार भाऊजींनी येऊन शिकवलं. पहिल्या दिवशी कंपाउंडमधल्या बाकाचा पाय गेला. सेक्रेटरी आला ओरडायला, पण सगळी बिल्डिंगच पडणार म्हटल्यावर बाकासाठी किती ओरडणार! स्टिअरिंग मात्र जड आहे बाई. दंड भरून येतात. तुम्ही कधी तक्रार केली नाहीत.

आता कालची खरी गंमत सांगते. पण त्याआधी तुम्ही एक कबूल करा. ते कपाट चुकलं होतं.

तुम्ही ट्रॉम्बेच्या वर्कशॉपमध्ये केसाच्या जाडीची मापं घेणारे फिटर! मॅटाडोरचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मध्ये, झाकणाखाली. आणि त्या झाकणाला अगदी चिकटून तुम्ही माझं स्वयंपाकाचं कपाट बसवलंत. सागाची चौकट, सनमायका, सोळा डब्यांना सोळा खण, एकही डबा खडखडणार नाही असे मापात. दोन महिने खपलात. आणि झाकण उघडायला जागा ठेवायचं विसरलात! झाकण उघडायचं तर कपाट हलवायला हवं, कपाट हलवायचं तर चार स्क्रू काढायला हवेत, आणि स्क्रू डब्यांच्या मागे. म्हणजे गाडी बंद पडली की आधी माझं स्वयंपाकघर रस्त्यावर मांडायचं. मी बोलले तर म्हणालात, "इंजिन रोज रोज कोण उघडतं?" दुसऱ्याच आठवड्यात मानखुर्दला उघडलं. मी फुटपाथवर तूरडाळ, रवा, तांदूळ घेऊन बसले होते आणि एक बाई थांबून मला डाळीचा भाव विचारत होती.

तर काल घोडबंदर रोडला गायमुखच्या चढाला लागलो. निम्म्यात बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ पाणी तापल्याचा काटा चढायला लागला. मी गाडी कडेला घेतली. मागे दहाच्या दहा गाड्या थांबल्या, कारण ओव्हरटेक करायचं नाही! ट्रकवाले भोंगे मारत, काय काय बोलत निघून गेले. भाऊजी गुडघे सांभाळत घाईघाईने आले.

"वाट लागली काय, वहिनी?"

"फॅनबेल्ट गेलाय."

"तुम्हाला काय माहीत?"

"आधी दिवा लागला, मग काटा चढला. डायनामो आणि पंखा एकाच पट्ट्यावर. नुसतं पाणी गळत असतं तर दिवा कशाला लागला असता?"

भाऊजी माझ्याकडे बघत राहिले. खरं सांगू, मीसुद्धा स्वतःकडे बघत राहिले. हे मला कधीपासून कळायला लागलं? तोवर भाऊजी आत शिरून झाकणाशी झटापट करायला लागले होते. ते हलेना.

मी म्हटलं, "भाऊजी, आधी पोहे काढा."

"आत्ता पोहे? इथे? भूक लागली तुम्हाला?"

मग मीच चढले आत. डबे एकेक करून खाली दिले. बोरिवलीची ती नवीन जोडी आलीय यंदा, त्यांनी रस्त्याच्या कडेला सतरंजी घालून सगळे मांडून ठेवले. पोह्यांच्या डब्यामागे तुमचा जादा फॅनबेल्ट होताच, पेपरात गुंडाळलेला. पोह्यांना रबराचा वास लागतो म्हणून किती वेळा भांडले असेन मी त्यावरून! चार स्क्रू काढले, कपाट ओढलं, झाकण उघडलं. "तेरा नंबरचा पाना द्या," मी म्हटलं. "टॉमीचा दांडा धरा. डायनामो बाहेर ओढा. अजून. आता बेल्ट अंगठ्याने दाबून बघा, अर्धा इंच आत जायला हवा." सगळी तुमची वाक्यं. माझ्या तोंडून अशी बाहेर पडत होती की मला थांबवता येईना. आणि भाऊजी, ज्यांनी जन्मभर बसचं इंजिन उघडलं, ते मुकाट्याने मी सांगेन ते करत होते. पाऊण तासात गाडी चालू. बोरिवलीची ती मुलगी म्हणाली, "काकू, एकदम झकास! कुठे शिकलात?"

काय सांगणार? वीस वर्षं मी रस्त्यात टॉर्च धरून उभी होते. कंटाळून, चिडून, डास मारत. तुम्ही पाना मागितलात की पाना दिला. तुम्ही झाकणाला जागा ठेवली असतीत, तर मी मागे पलंगावर पडून मासिक वाचलं असतं आणि मला त्या इंजिनातलं ओ की ठो कळलं नसतं. तुमची चूक ती चूकच. पण काल तिच्यामुळे मी चढ चढून आले.

काल दुपारी भाऊजी करवत घेऊन आले. म्हणाले, "वहिनी, या कपाटाला मधून कापून बिजागऱ्या लावू. तासा-दोन तासांचं काम आहे. दार उघडल्यासारखं बाजूला होईल." मी नको म्हटलं. उद्या विकायचीच आहे तर कशाला? ते करवत घेऊन परत गेले.

आता एक गोष्ट, जी मी कोणालाच सांगितलेली नाही. भाऊजींना नाही, मुग्धाला तर नाहीच.

पार्किंग, टॉवर, सतरावा मजला, हे सगळं खरं आहे. पण गाडी विकायला निघाले ती त्यासाठी नाही. त्या दिवशी सकाळी मी तुम्हाला काय म्हणाले होते? बँकेत जायचं ठरलं होतं आणि तुम्ही गाडीच्या छताचा दिवा नीट करायचा म्हणून खाली निघालात. मी ओरडले, "मग तिकडेच राहा जाऊन त्या गाडीत! वर येऊच नका!" तुम्ही हसलात आणि चपला घातल्या. दोन तासांनी वॉचमन धापा टाकत वर आला. तुम्ही गाडीतल्या पलंगावर होतात, स्क्रूड्रायव्हर हातात, आणि डॉक्टरांना काही करायला उरलं नव्हतं.

हे माझं शेवटचं बोलणं. सव्वा वर्ष झालं, रोज आठवतं. भाजी चिरताना, दात घासताना, केव्हाही. सात महिने मी त्या गाडीकडे बघितलं नाही. कंपाउंडमधून जाताना दुसऱ्या बाजूने जायची. गाडी गेली की ते वाक्यही जाईल, असं कुठेतरी वाटत होतं मला.

चुकले हो मी. माफ करा. हे तुमच्या फोटोसमोर उभं राहून म्हणता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

आणि तुम्हीही चुकलात! सकाळपासून डावा खांदा चोळत होतात. मी विचारलं तर म्हणालात, काल टायर उचलला. खोटं कशाला बोललात? मी बँकेचं सोडून तुम्हाला डॉक्टरकडे नेलं नसतं का? गाडीतला जरा कुठे वेगळा आवाज आला तर कान लावून बसायचात, आणि स्वतःच्या छातीत दुखतंय ते बायकोला सांगायला काय झालं होतं? याचा मला राग आहे. अजून आहे.

काल मी त्याच पलंगावर झोपले. दुसरी जागाच नव्हती. वाटलं होतं, झोप लागणार नाही. सहाला जाग आली ती कोणाच्या तरी स्टोव्हच्या आवाजाने. चादरीला डिझेलचा वास येत होता, खिडकीतून माड दिसत होते. उठले, चहा टाकला, शेजारच्या दोन गाड्यांना दिला. रडायला आलं नाही. हे तुम्हाला सांगावं की नाही, कळत नव्हतं.

फाटकाशी कोणीतरी आलंय. शेट्येच असणार. थांबते.

 

दीड वाजला. जेवणं झाली. आता पुढचं लिहिते.

शेट्ये म्हणजे भला माणूस. टोपी काढून आत आले, प्रत्येक डबा उघडून बघितला, तुमच्या सुतारकामावरून हात फिरवला. "काय काम केल्यानी हां!" दोनदा म्हणाले. मग बाहेर येऊन चारी बाजूंनी फिरले आणि मला सगळं खरं खरं सांगितलं. "मागली बाजू कापूक लागतली, वयनी. कॅमेरो आत घुसाक व्हयो मां." मी मान हलवली. हे होणार ते मला माहीत होतं. गाडी शूटिंगला जाणार म्हणजे काय तिला हार घालून ठेवणार आहेत?

मग म्हणाले, "जरा भायर काढतास? उजेडात बघतंय."

मी बसले, चालू केली, आणि दोन माडांच्या मधून रिव्हर्स काढली. दोन्ही बाजूंना वीतभर जागा. एका दमात. मंडळातल्या कोणीतरी शिट्टी मारली.

शेट्ये खिडकीशी आले. "ड्रायव्हर खंय आसा तुमचो? मुलुंडसून हाडल्यान कोणी गाडी?"

"मी."

"तुमी?"

"मी आणली. गायमुखला फॅनबेल्ट गेला, तोही मीच बदलून घेतला."

त्यांनी हात पुढे केला, चावीसाठी. मी इंजिन बंद केलं, चावी काढली. आणि म्हटलं, "शेट्ये, माफ करा. तुम्हाला एवढं लांब बोलावलं. पण गाडी द्यायची नाही मला."

वाटलं, चिडतील. गोरेगावहून गोराई म्हणजे सगळी सकाळ गेली होती त्यांची. पण ते हसले. "माका वाटलाच. चावी मागलंय तेवा तुमी मूठ आवळलास." मग खुर्ची ओढून बसले, आपल्यात जेवले, तुमच्या गावातल्या चार ओळखी काढल्या. जाताना म्हणाले, कधी शूटिंगला न कापता भाड्याने द्यायची असली तर सांगा. मी म्हटलं, चालवणार मी असेन तर विचार करू.

मुग्धाला फोन केला. गाडी ठेवतेय म्हटल्यावर तिने आधी दोनदा "काय?" विचारलं. मग म्हणाली, "आई, ठेवणार कुठे?" भाऊजी शेजारी उभे होते, त्यांनी फोन घेतला. घाटकोपरला त्यांच्या भावाच्या गॅरेजमागे त्यांची निळी उभी असते, तिच्या शेजारी जागा आहे. मी म्हटलं, उपकार नकोत. तर म्हणाले, "उपकार कसले? तुमच्या मिस्टरांनी माझं गिअरबॉक्स तीनदा उघडलं. आता माझे गुडघे गेलेत, मला खाली वाकता येत नाही. तुम्ही वाकायचं." नाहूर ते घाटकोपर चार स्टेशनं. जाईन मी. मुग्धा शेवटी म्हणाली, "बरं बाई. पण पोचलीस की मेसेज कर. दर वेळी." आणि फोन ठेवता ठेवता, "मला शिकवशील?"

आत्ता तुमचं कपाट कापतायत. ऐकू येतंय का? भाऊजी पेन्सिलीने रेघ मारून, जीव मुठीत धरून करवत चालवतायत आणि दर दोन मिनिटांनी म्हणतायत, "तुमच्या मिस्टरांना पटलं असतं का हो?" नसतं पटलं. तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नसतात. पण मला कळलंय कसं करायचं, आणि आता मला विचारतात सगळे.

ते वाक्य गेलं का, असं विचाराल. नाही गेलं. सकाळीही आठवलं, चहा ओतताना. पण आठवलं, आणि चहा ओतून झाला.

लोक म्हणतील, बिचारीने नवऱ्याची आठवण जपली. म्हणू देत. तुम्हाला मात्र खरं सांगते, कारण आता आपल्यात लपवाछपवी नको. तुमच्या आठवणीला गाडी लागत नाही. काल चढ संपला, उतार लागला, खाडी दिसली, खिडकीतून वारा आला, आणि मला फार फार आवडलं. म्हणून ठेवतेय. मला ती चालवायला आवडते.

तेव्हा एक वचन देते. हिच्यावर कव्हर घालून, पुसून-पासून उभी करून ठेवणार नाही. चालवीन. ओरखडे पडतील, एखादा दरवाजा चेपेल, तुमचा तो जपलेला पिवळा रंगही कुठे कुठे जाईल. प्रत्येक वेळी तुम्हाला कळवीन. ओरडायचं तर तिथून ओरडा.

करवत थांबली, कपाट झालं. परतीला आता गाड्या लागतायत. मला हाक मारतायत.

तुमची,
सुनंदा
(ड्रायव्हर)